घरची वायनरी: पाच एकर, तीन माणसं आणि एक भोळा बेत

वेलांटी (रविवार, रात्री १०:१२)

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

आम्ही तिघं: मी, धाकटा भाऊ आणि आई. वडिलोपार्जित पाच एकर आहे. हलका उतार, विहिरीला पाणी बरं, जमीन बरीच वर्षं दुसऱ्याला कसायला दिलेली. भाऊ अन्नप्रक्रिया शिकलाय, मी नोकरीत खरेदी आणि हिशेब बघते, आणि झाडांच्या बाबतीत आई आम्हा दोघांना पुरून उरते. आमच्याकडच्या कायद्याने घरापुरती जेवढी वाइन करायची मुभा आहे तेवढी दोन वर्षं करून पाहिली. पहिल्या वर्षीची ओतून दिली. दुसऱ्या वर्षीची पाहुण्यांनी स्वतःहून पुन्हा मागितली आणि तिथेच डोक्यात किडा वळवळला.

बेत असा: येत्या हंगामात पाचही एकरांवर वेली, तिसऱ्या वर्षी द्राक्षं, त्याच वर्षी छोटी वायनरी, पाचव्या वर्षी दोघांचे राजीनामे. भावाने लेबलचं चित्रसुद्धा काढून ठेवलंय. जात कोणती लावावी, यंत्रं काय लागतील आणि पैसे कधी दिसायला लागतात, एवढं सांगा. शिव्या घालायच्या असतील तर त्याही चालतील, पण कारणासकट.

अर्धवटराव (रविवार, रात्री १०:३०)

'वाइनमध्ये छोटी संपत्ती कमवायची तर मोठी घेऊन सुरुवात करा' हा विनोद कुणीतरी करणारच आहे. मीच करून टाकला. आता जाणकारांनी कामाचं बोलावं, मी पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसलोय.

खुंटकाका (सोमवार, सकाळी ६:०५)

लेबल आधी आणि मातीचा खड्डा नंतर, हा क्रम मी तीस वर्षांत पुष्कळ घरांत पाहिला. पोरी, राग मानू नकोस.

पाच एकरांत चार-पाच ठिकाणी दीड मीटर खोल खड्डे घे आणि स्वतः आत उतर. वरच्या फूटभर मातीवर भुलायचं नाही. खाली चुनखडीचा थर आहे का, पाणी साचल्याच्या निळसर-करड्या खुणा आहेत का, जुन्या झाडांची मुळं कुठवर गेलीत, हे बघ. प्रत्येक थराचा वेगळा नमुना तपासून घे: सामू (पीएच), क्षार, मुक्त चुना. विहिरीचं पाणीही तपास. ते 'बरं' आहे म्हणजे भरपूर आहे की गोड आहे? या दोन वेगळ्या गोष्टी.

तू जात विचारतेस, मी म्हणतो आधी खुंट विचार, म्हणजे ज्यावर जातीचं कलम बांधतात ते खालचं मुळाचं झाड. दुष्काळी, हलक्या जमिनीत ११० रिक्टर टिकतो. खारट पाणी आणि सूत्रकृमी असतील तर डॉगरिज, पण तो इतका जोमदार की भारी जमिनीत नुसता पाला वाढवतो आणि घड सावलीत राहतात. ओलसर जमिनीत रिपारिया या अमेरिकी रानवेलीचे खुंट बरे, पण त्यांना चुना सोसत नाही. खुंट चुकला तर वरच्या काबर्नेसारख्या जातीला दोष देऊन काही होत नाही. जात बदलायची तर वरून पुन्हा कलम करता येतं, खुंट बदलायचा तर बाग उपटावी लागते.

आणि एक. बाग कोण बघणार? शनिवार-रविवारी येऊन बघू असं असेल तर इथेच थांब. डाऊनी म्हणजे केवडा रोगाचा ठोकताळा तीन दहांचा आहे: नवी फूट दहा सेंटिमीटर झालेली, पाऊस दहा मिलिमीटर झालेला आणि तापमान दहा अंशांच्या वर. हे तिन्ही जुळले की पहिली लागण होऊ शकते. ती मंगळवारी झाली तर शनिवारची फवारणी ही मयताला औषध.

हिशेबनीस (सोमवार, दुपारी १:४८)

काकांचं मातीकडून झालं, मी दुसऱ्या टोकाकडून येतो. माझं शिक्षण हिशेबाचं, वाइनचा मी फक्त गिऱ्हाईक. तरी दोन लहान वायनऱ्यांची पुस्तकं लिहिली आहेत.

वेलांटीताई, तुमचं गणित वेलीपासून सुरू होतं आणि बाटलीपाशी संपतं. ते उलटं करा. तुम्ही तिघं मिळून, मोठा वितरक नसताना, वर्षाला किती बाटल्या स्वतःच्या हाताने विकाल? आकडा मनात धरा. समजा ३,०००. म्हणजे रोज आठ. आजारपण, पावसाळा, कुणाचं लग्न, सगळं धरून रोज आठ, ३६५ दिवस.

आता मागे चला. ७५० मिलिलिटरच्या ३,००० बाटल्या म्हणजे २,२५० लिटर. एक किलो द्राक्षांतून गाळून, निवळून हाती साधारण ०.६५ लिटर वाइन राहते. म्हणजे साडेतीन टन द्राक्षं. वेली आठ बाय चार फुटांवर लावल्या तर एकरी १,३६१ बसतात. वेलीला अडीच किलो धरले तर झाले साडेतीन टनांच्या आसपास.

एक एकर. बस. तुमच्या पाच एकरांतून याच हिशेबाने पंधरा हजारांच्या आसपास बाटल्या निघतात, रोज एक्केचाळीस. ही बारा-बाराची साडेबाराशे खोकी कुठे ठेवणार आणि कोण उचलणार? भरलेली बाटली सव्वा किलोची असते.

आता काळाचं गणित. लावल्यावर तिसऱ्या वर्षी पहिला तोडा, तोही अर्धामुर्धा. रेड असेल तर वर्ष-दीड वर्ष मुरवणार. म्हणजे पहिली बाटली पाचव्या वर्षी विकायला. तोवर चौथ्या वर्षाचा माल टाकीत आणि पाचव्याची द्राक्षं दारात. पैसे एका हंगामाचे येतात, गुंतलेले असतात तीन हंगामांचे. पाचव्या वर्षी राजीनामा म्हणजे सर्वांत खोल पाण्यात बोट सोडण्यासारखं आहे.

वेलांटी (सोमवार, रात्री ९:२०)

काका, हिशेबनीस, दोघांना दंडवत. रोज आठचा आकडा भावाला वाचून दाखवला, तो जेवता जेवता थांबला.

तरी एक शंका. एक एकर लावा किंवा पाच, यंत्र तेच, परवाना तोच, तारा-खांबांचं काम एकदाच. मग एकरी खर्च पाचात कमी पडणार ना? उरलेली द्राक्षं दुसऱ्या वायनरीला विकता येतील.

हिशेबनीस (सोमवार, रात्री १०:०१)

खर्च एकरी कमी पडतो, बरोबर. पण नुकसानही पाचपट होतं, ते कुणी एकरी मोजत नाही. उरलेली द्राक्षं विकायची तर खरेदीचा लेखी करार वेल लावायच्या आधी हवा, कारण दुसऱ्याला हवी ती जात तुम्ही लावली असेलच असं नाही. करार मिळाला तर पाच एकर लावा आणि वायनरीच काढू नका. चांगली वाइन-द्राक्षं पिकवणं हा अख्खा, मानाचा धंदा आहे. त्याला दुसरं शेपूट जोडलंच पाहिजे असं नाही.

मणीमाऊ (मंगळवार, सकाळी ८:१५)

छान धागा, वाचतेय. बाळबोध प्रश्न: आमच्याकडे खायच्या द्राक्षांची बाग आहेच, थॉम्पसनची. त्याचीच वाइन का नाही करत? वेलांटीताईंची तीन वर्षं वाचतील.

निवळशंख (मंगळवार, सकाळी ११:४०)

मणीमाऊ, बाळबोध अजिबात नाही, हा प्रश्न मला दर महिन्याला येतो. खायच्या द्राक्षात मणी मोठा, साल पातळ, बी नाही. जीए (जिबरेलिक अॅसिड हे वाढीचं संप्रेरक) मारून मणी आणखी फुगवलेला. वाइनला नेमकं उलटं हवं. रंग, टॅनिन आणि वासाचा मोठा भाग सालीत असतो, म्हणून मणी बारीक हवा, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त येते. शिवाय खायचं द्राक्ष १७-१८ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप, साधारण टक्के) उतरवतात. ब्रिक्सच्या साधारण ०.५५ ते ०.६ पट अल्कोहोल बनतं, म्हणजे तिथे दहाच्या आसपास. वाइनसाठी आपण २२ ते २४ ची वाट बघतो, आणि तोवर आंबटपणाही टिकून राहिला पाहिजे. थॉम्पसनची वाइन होते, पिताही येते. दुसऱ्यांदा कुणी मागत नाही.

वेलांटी, मी वायनरीच्या आत काम करतो. दोन छोट्या, एक बरीच मोठी. आतलं थोडं सांगतो.

वायनरी म्हणजे ओकची पिंपं आणि मेणबत्त्या नव्हे, वायनरी म्हणजे रबरी नळी आणि झाडू. कामाचे तीन चतुर्थांश तास धुण्यात जातात. म्हणून पहिला पैसा फरशीत आणि उतारात घाला. पाणी आपोआप गटारीकडे गेलं पाहिजे. सांडपाण्यात साखर, गाळ, आम्ल असतं. ते कुठे जाणार हे परवाना देणारा विचारेलच, त्याआधी तुम्ही ठरवा. आणि वायनरीत ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचं कुठलंही फिनेल शिरू देऊ नका. क्लोरीन, लाकूड किंवा पुठ्ठा आणि बुरशी एकत्र आले की ट्रायक्लोरोअॅनिसोल नावाचा पदार्थ बनतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा, तळघरासारखा वास. तो एकदा इमारतीत मुरला की बुचातून नाही, भिंतीतून वाइनमध्ये येतो.

टाक्या. सगळे नवशिके एक मोठी टाकी घेतात, कारण लिटरमागे स्वस्त पडते. मग निवळताना दोनशे लिटर गाळ निघतो आणि टाकी वरून रिकामी राहते. तिथे हवा, हवेत अॅसिटोबॅक्टर, आणि सहा महिन्यांनी तुमच्याकडे उत्तम प्रतीचं व्हिनेगर. एक हजार, पाचशे, तीनशे, शंभर, आणि वीस-वीस लिटरच्या काचेच्या बरण्या, अशी उतरंड ठेवा. तरंगत्या झाकणाची एक टाकी असू द्या. बॅरल घ्यायचंच तर २२५ लिटरचं एखादं घ्या, त्यात ३०० बाटल्या मावतात. लाकडातून वाइन उडत राहते, दर दोन-तीन आठवड्यांनी वरून भरावं लागतं, आणि भरायला त्याच वाइनचा वेगळा साठा लागतो. हे यादीत कुणी धरत नाही.

आंबवण (मंगळवार, दुपारी ३:३३)

निवळशंखसाहेब, तुमचं सगळं रसायन आणि स्टील. सालीवर निसर्गाने यीस्ट दिलंय, पिशवीतलं कशाला? हजारो वर्षं लोकांनी प्रयोगशाळेशिवाय वाइन केलीच ना?

निवळशंख (मंगळवार, सायंकाळी ७:०२)

केली, आणि त्यातली बरीच व्हिनेगर झाली. ती कुणी इतिहासात लिहून ठेवली नाही इतकंच.

गंभीरपणे सांगतो. सालीवर जे असतं त्यात हॅन्सेनियास्पोरा वगैरे रानटी यीस्ट जास्त. ते जोरात सुरू होतात आणि चार-पाच टक्के अल्कोहोलला आडवे होतात. शेवटपर्यंत नेणारं सॅकरोमायसिस हे यीस्ट सालीवर अगदी थोडं, वायनरीच्या भांड्यांवर जास्त. जुन्या वायनरीत आपोआप आंबवणं जमतं, कारण तिथे ते मुक्कामाला असतं. नव्या कोऱ्या इमारतीत पहिल्या वर्षी हा जुगार अख्ख्या पिकावर खेळू नये. एका बरणीत खेळा. मीही खेळतो, आणि दोनदा जिंकलोय.

सल्फरबद्दल मात्र माझं डोकं फिरतं, म्हणून सविस्तर. 'थोडंसं टाकलं' हे माप नाही. वाइनला राखण्याचं काम सल्फर डायऑक्साईडचा एक लहानसा भाग करतो, आणि तो किती असेल ते पीएच ठरवतो (आंबटपणा कमी तर पीएचचा आकडा जास्त). तोच परिणाम मिळवायला पीएच ३.२ ला मुक्त सल्फर डायऑक्साईड लिटरला २०-२२ मिलिग्रॅम लागतं, ३.६ ला ५०, आणि ३.८ ला ऐंशीच्या घरात. म्हणजे द्राक्षं जास्त पिकू दिली, आंबटपणा गेला, की राखण चौपट महाग. पोटॅशियम मेटाबायसल्फाईटमध्ये वजनाच्या ५७ टक्के सल्फर डायऑक्साईड असतं, तेव्हा १०० लिटरला ५० मिलिग्रॅमच्या हिशेबाने पावणेनऊ ग्रॅम. पीएच मीटर हे तुमचं पहिलं यंत्र. क्रशर नंतर.

खुंटकाका (बुधवार, सकाळी ५:५०)

शंखाने द्राक्षं उशिरा तोडण्यावर टीका केलीय ती माझ्यासारख्यांवरच आहे, समजलं. मान्य. पण वायनरीवालेच आदल्या रात्री फोन करून म्हणतात, 'काका, अजून चार दिवस थांबा'. चार दिवसांत गारपीट आली की फोन उचलत नाहीत.

अडीच किलोचा आकडा हिशेबनिसांनी बरोबर धरलाय.

निवळशंख (बुधवार, सकाळी ९:१४)

काका, तुमच्यावर नव्हे हो. पण अडीच किलो जास्त आहेत. मी दीडवर आणा म्हणेन.

खुंटकाका (बुधवार, सकाळी ९:३०)

दीड किलोवर वेल रिकामटेकडी होते आणि नुसती पानं काढते. पानं-घडांचा तोल बघायचा असतो, काटा नाही. हलक्या जमिनीत दीड, भारीत तीनही चालतात. पोरीच्या जमिनीत काय ते खड्डा सांगेल.

जुनापुराणा (बुधवार, दुपारी ४:२०)

दोघांच्या भांडणात मी इतिहास घुसवतो, कारण खुंटाचा मुद्दा वाचून राहवलं नाही.

१८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने युरोपच्या बागा बसवल्या. १८६८ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों आणि त्याच्या सोबत्यांनी मेलेल्या नव्हे, तर *मरायला टेकलेल्या* वेली उपटल्या, म्हणून कीड सापडली. मेलेल्या वेली ती सोडून गेलेली असे. उपाय म्हणजे अमेरिकी खुंटावर युरोपी कलम. झालं, प्रश्न सुटला? नाही. पहिले खुंट फ्रान्सच्या चुनखडीच्या जमिनीत पिवळे पडले. मग १८८७ मध्ये फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ पिएर व्हिआला अमेरिकेत गेला आणि टेक्ससच्या मन्सन या द्राक्षतज्ज्ञाच्या मदतीने चुना सोसणारी बर्लांडिएरी वेल शोधली. काका सांगतात ते ११० रिक्टर हे तिचंच लेकरू.

तरी माणूस शिकत नाही. कॅलिफोर्नियात पुढे एएक्सआर-१ नावाचा खुंट सर्रास लावला गेला. लावायला सोपा, पिकायला उदार, पण त्याचं अर्धं रक्त युरोपी. १९८० च्या दशकात नापा-सोनोमात फायलोक्सेरा पुन्हा उठली आणि हजारो एकर उपटावे लागले. शेजाऱ्याचं बघून खुंट लावू नये, एवढंच.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर ताई घाबरून पळायच्या. १९७६ च्या पॅरिसच्या त्या प्रसिद्ध आंधळ्या चाचणीत बोर्दोच्या बड्या घराण्यांना मागे टाकून रेडमध्ये पहिली आलेली स्टॅग्ज लीपची १९७३ ची काबर्ने १९७० मध्ये लावलेल्या वेलींची होती. तीन वर्षांच्या! तेव्हा 'वेल म्हातारी झाल्याशिवाय वाइन होत नाही' हे सगळंच खरं नाही.

अवांतर: बोर्डो मिश्रण हे फवारणीचं औषधही अपघातानेच सापडलं. फ्रान्सच्या मेदोकमधले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत, येणाऱ्या-जाणाऱ्याने द्राक्षं चोरू नयेत म्हणून. मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की तेवढ्याच ओळी डाऊनीपासून वाचल्यात. १८८५ मध्ये त्याने ते जाहीर केलं.

गाळसाळ (बुधवार, रात्री ११:५५)

लिहू की नको असं तीन दिवस चाललं होतं. आम्ही वायनरी काढली होती. सात वर्षं चालवली, बंद केली. धंदा का बुडाला ते सगळे विचारतात, उत्तर कुणाला आवडत नाही.

कलमं स्वस्त घेतली. नाव घेत नाही, चूक आमचीही होती, रोगमुक्तीचा दाखला मागितलाच नाही. चौथ्या वर्षी हंगामाच्या शेवटी अर्ध्या बागेची पानं लालबुंद झाली, शिरा मात्र हिरव्या, कडा खाली वळलेल्या. इतकं देखणं दिसत होतं की आम्ही घरच्यांचे फोटो काढले त्यापुढे. तो लीफरोल विषाणू होता. त्यावर औषध नाही, पिठ्या ढेकूण तो वेलीवरून वेलीवर नेतो. द्राक्षं २० ब्रिक्सच्या वर चढेनात. तो फोटो अजून भिंतीवर आहे. काढवत नाही आणि बघवतही नाही.

पण त्याने धंदा बुडाला नाही. बुडाला तो घरात. आम्ही दोघं भाऊ. मी बागेत, तो पाहुण्यांसमोर. त्याला वाटे मी फक्त माती उकरतो, मला वाटे तो फक्त ग्लास फिरवतो. माझी बायको नोकरी करून संध्याकाळी टाक्या धुवायची, सलग सहा हंगाम, आणि कुठल्याच वहीत तिची मजुरी नव्हती. ज्या दिवशी तिने विचारलं, त्या दिवशी खरा ताळेबंद निघाला. आणि आणखी एक, कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो: रोज चाखण्याचं काम असलं की घरात कुणाचं तरी पिणं वाढतं. आमच्याकडे वाढलं. चाखून थुंकायचं असतं, आणि थुंकणारा माणूसच या धंद्यात टिकतो.

ताई, आईंची मजुरी पहिल्या दिवसापासून लिहा. द्यायला पैसे नसले तरी लिहा. आणि कुणाला बाहेर पडावंसं वाटलं तर त्याचा हिस्सा कसा मोजायचा, तेही आत्ताच, गोडीत असताना.

मणीमाऊ (गुरुवार, सकाळी ७:४०)

गाळसाळ, धन्यवाद. बाकी काही लिहवत नाही.

लेबलवाला (गुरुवार, रात्री ९:०५)

नमस्कार, मी तो लेबलवाला भाऊ. आजच सदस्य झालो.

एक एकर मान्य. पण वेली लावून पाच वर्षं हात चोळत बसायचं का? आणि निवळशंखसर, पहिली वाइन रेड करू की व्हाइट?

निवळशंख (गुरुवार, रात्री १०:४७)

या, लेबलवाले.

हात चोळत बसू नका. वेली वाढतायत तोवर दुसऱ्याच्या परवानाधारक वायनरीत जागा भाड्याने घेऊन, विकतच्या द्राक्षांची एक हजार लिटर करा. तुमच्या नावाने विकता येईल का, ते तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो त्यावर. हंगामात विनामोबदला राबायला गेलात तरी चालेल. महत्त्वाचं हे की तुमच्या वेलीला पहिला घड यायच्या आत तुम्ही तेराशे बाटल्या विकून बघितलेल्या असतील. विकल्या नाहीत, तर एक एकरही लावू नका.

व्हाइट सहा-आठ महिन्यांत बाटलीत जाते, पैसा लवकर फिरतो, पण १२ ते १८ अंशांना आंबवायला थंडाव्याचं यंत्र लागतं आणि ते वीज पितं. रेडला २५ ते ३० अंश चालतात. ३५ च्या पुढे गेलं की यीस्ट दमून मध्येच बसतं आणि साखर शिल्लक राहते. रेडला यंत्र कमी, धीर जास्त. माझं मत: त्याच लाल द्राक्षांचा पहिला वाटा लवकर दाबून रोझे (गुलाबी वाइन) करा, बाकीची रेड. रोझे वर्षाच्या आत घरखर्चाला हातभार लावते.

आता जे सांगतो ते छापून भिंतीवर लावा. एक लिटर रस आंबताना सुमारे पन्नास लिटर कार्बन डायऑक्साईड सोडतो. हजार लिटरची टाकी म्हणजे पन्नास हजार लिटर वायू, हवेपेक्षा जड, रंग नाही, वास नाही, जमिनीलगत साठणारा. तळघरात किंवा रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत माणूस उतरतो आणि दोन श्वासांत कोसळतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो. अशा अपघातांत पुष्कळदा वाचवायला गेलेलाच मरतो, आणि घरच्या वायनरीत तो दुसरा तुमचाच असतो. मेणबत्ती विझते का बघणं ही चाचणी नव्हे. वायू मोजणारं मीटर घ्या, खाली हवा ओढणारा पंखा बसवा, आणि टाकीत कुणीही एकट्याने, कुठल्याही कारणाने उतरायचं नाही. आईंना हा परिच्छेद वाचून दाखवा.

अर्धवटराव (शुक्रवार, सकाळी १०:१०)

पॉपकॉर्न केव्हाच बाजूला ठेवलंय. वाचनखूण साठवली.

वेलांटी (साडेसात महिन्यांनंतर, रविवार, रात्री ८:३०)

मंडळी, धागा वर काढते.

पाच खड्डे घेतले. तीन नंबरच्या खड्ड्यात ऐंशी सेंटिमीटरवर पांढरा चुनखडीचा थर लागला. लेबलच्या चित्रात भावाने बंगला नेमका तिथेच दाखवला होता. तो तुकडा सोडला. उताराच्या वरच्या बाजूचा एक एकर धरला, ११० रिक्टरचे खुंट लावलेत, रोगमुक्तीच्या दाखल्यासह. तयार कलमं महाग पडत होती, म्हणून जागेवरच पाचर कलम करायचं ठरवलं. उरलेल्या चारात आईने हिरवळीच्या खतासाठी ताग पेरलाय, घाई नाही म्हणते.

कागद झाला. आईचे तास मी लिहिते, ती रोज तपासते आणि रोज अर्धा तास कमी लागला म्हणून भांडते. बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा कसा मोजायचा यावर आम्ही दोघं भावंडं दोन आठवडे बोलत नव्हतो, ते आत्ताच झालं हे बरं.

भावाने एका वायनरीत अख्खा हंगाम टाक्या धुतल्या. सातशे लिटर रेड आमच्या नावाने तिथे आहे, विकतच्या द्राक्षांची. पीएच ३.५५. त्याने मीटर माझ्या वाढदिवसाला दिलं. नोकऱ्या दोघांच्याही चालू.

गाळसाळदादा, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, वाचा.

खुंटकाका, खुंट गुडघ्याच्या वर आलेत, बगलफुटी काढतोय. खोड अजून पेन्सिलीपेक्षा बारीक आहे. कलम याच हंगामात धरू की थांबू?

खुंटकाका (सोमवार, सकाळी ५:४८)

फोटो टाक. खोडाशेजारी पेन्सिल धरून.